नील यंग : आवडता कलाकार आणि त्याचे न आवडलेले अल्बम

पैलतीर

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. नील यंग, म्हणजे कॅनडाचा तो रॉक गायक-गिटारवादक, ऐकणारे इथे किती आहेत ठाऊक नाही, पण जे आहेत ते गप्प बसणार नाहीत एवढी खात्री आहे.

१९८४ साली, सतरा वर्षांचा असताना, एका मित्राच्या मोठ्या भावाकडून त्याच्या 'हार्वेस्ट' अल्बमची कॅसेट आणली आणि दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घेतली. ती इतक्या वेळा वाजवली की एका ठिकाणी फीत चुरगळली आणि गाणं तिथे आलं की सूर डळमळायचे. पुढे त्याच अल्बमची सीडी घेतली, मग एलपी घेतली. आजही ते गाणं लागलं की त्या जागी माझा कान त्या डळमळीची वाट बघतो.

त्याचा दुसरा अल्बम मिळाला तो 'ट्रान्स'. १९८२ चा. पहिलं गाणं साधंसुधं, पटकन डोक्यात बसणारं. दुसरं सुरू झालं आणि तो आवाजच नाहीसा झाला. त्या उंच, किंचित थरथरत्या आवाजाच्या जागी यंत्रातून पिळून काढल्यासारखं काहीतरी. कव्हर उघडून पाहिलं, आत चुकून भलतीच कॅसेट तर आली नाही ना? नाव त्याचंच होतं. नऊपैकी सहा गाणी अशी. मला इतका राग आला होता की मी ती कपाटाच्या तळच्या खणात टाकली, आणि पुढची अकरा वर्षं तिला हात लावला नाही.

मधल्या काळात बाकीचं सगळं ऐकलं. 'आफ्टर द गोल्ड रश', 'ऑन द बीच', 'रस्ट नेव्हर स्लीप्स', 'फ्रीडम'. १९९५ मध्ये 'अनप्लग्ड' हातात आला. त्यात एक गाणं होतं, अगदी हळुवार, कुणाला तरी अंगाखांद्यावर घेऊन म्हणावं असं. मला ते नवीनच वाटलं. नाव वाचलं : 'ट्रान्सफॉर्मर मॅन'. तेच, खणातल्या कॅसेटवरचं.

त्या गाण्यामागची गोष्ट मला त्यानंतर कळली. त्याचा मुलगा बेन १९७८ मध्ये जन्माला आला. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, हातपाय चालत नाहीत, बोलता येत नाही. १९८० नंतरची दीडेक वर्षं नील आणि त्याची पत्नी पेगी दिवसाचे कित्येक तास त्याच्याकडून तेच ते व्यायाम करून घेत होते. 'ट्रान्स' त्या घरातून आलाय. ज्याला बोलता येत नाही त्याच्याशी बोलण्याची धडपड, आणि त्याचं म्हणणं जगाला कळत नाही हे दाखवण्यासाठी बापानं स्वतःचे शब्दही न कळणारे करून टाकले. नील पुढे अनेकदा हे सांगत आलाय. अल्बम आला तेव्हा लोकांना यातलं काही माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच.

त्या रात्री खण उघडला.

तर प्रश्न असा : आयुष्यभर ज्याच्यामागे चाललो त्याचा एखादा अल्बम पटला नाही, तेव्हा तुम्ही काय केलंत? सोडून दिलात की राखून ठेवलात? 'हार्वेस्ट' कुणालाही आवडतो. मी त्याचा जन्माचा श्रोता झालो तो 'ट्रान्स'मुळे, असं मला आता वाटतं. नील यंगबद्दलच लिहा असं नाही, पण लिहिलंत तर मला जास्त आनंद होईल.


मंद्र

पैलतीर, धागा वाचून कपाटातून 'टुनाइट्स द नाइट' काढला आणि मगच लिहायला बसलो.

माझ्यासाठी खणातला अल्बम तो होता. विशीत पहिल्यांदा ऐकला आणि वाटलं, हे लोकांसमोर आणायच्या लायकीचं ध्वनिमुद्रणच नाही. पियानो भलतीकडेच, माइकपासून तोंड कधी जवळ कधी लांब, एका गाण्यात वरचा सूर घेताना आवाज सरळ फाटतो आणि ते तसंच ठेवलंय. 'हार्वेस्ट' करणारा माणूस हे कसं करू शकतो?

मग माझा कॉलेजपासूनचा मित्र गेला. बावन्नाव्या वर्षी, काही कळायच्या आत. त्यानंतर काही महिने मला कुठलंच संगीत ऐकवेना. चांगलं गाणारा प्रत्येक जण खोटं बोलतोय असं वाटायचं. एका रात्री हा अल्बम लावला आणि पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी माझ्याच खोलीत बसलंय.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : क्रेझी हॉर्स या त्याच्या साथीदार बँडचा गिटारवादक आणि गायक डॅनी व्हिटन हेरॉइनच्या आहारी गेला होता. १९७२ च्या नोव्हेंबरात, नव्या दौऱ्याच्या तालमीत त्याला वाजवता येईना म्हणून नीलनं त्याला परत पाठवलं. हातात पन्नास डॉलर आणि विमानाचं तिकीट. त्याच रात्री व्हिटन गेला. काही महिन्यांनी त्यांच्या वाद्यांची व्यवस्था बघणारा ब्रूस बेरी, तोही त्याच वाटेनं. १९७३ च्या ऑगस्टमध्ये उरलेले सगळे हॉलिवूडमधल्या एका तालमीच्या जागेत जमले, रात्र रात्र प्यायले आणि जे वाजलं ते टेपवर राहू दिलं. कंपनीनं जवळजवळ दोन वर्षं तो काढला नाही. १९७५ मध्ये आला.

आणि त्यात एक जागा आहे, ज्याबद्दल फार कुणी बोलत नाही. मध्येच एक गाणं व्हिटनच्या आवाजात लागतं. १९७० च्या एका कार्यक्रमातलं, तो जिवंत असतानाचं, जोरकस, हसतखेळत. आजूबाजूची सगळी गाणी त्याच्या जाण्यानं कोसळलेली आणि मधे तो स्वतः मजेत गातोय. माझ्या मित्राचा एक व्हॉइस मेसेज फोनमध्ये आहे. 'अरे उद्या येताना ती वही आण.' एवढाच. मी तो पुसलेला नाही. ते गाणं आणि तो मेसेज मला एकाच जातीचे वाटतात.

तो फाटलेला सूरही आता वेगळाच ऐकू येतो. तो दुरुस्त केला असता तर मी हा अल्बम कधीच परत लावला नसता.


गिटारवेडा

पैलतीर, मंद्र, दोघांचंही वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. मी माझ्या आवडीच्या विषयावरच लिहितो.

मी त्याच्याकडे गाण्यांमुळे नाही, एका गिटारमुळे आलो. 'ओल्ड ब्लॅक'. १९५३ ची गिब्सन लेस पॉल, मूळची सोनेरी, त्याच्या हाती येण्याआधीच कुणीतरी काळी रंगवलेली. साठच्या दशकाच्या शेवटी त्यानं आपली दुसरी गिटार देऊन जिम मेसिनाकडून घेतली. तेव्हापासून बहुतेक सगळ्या इलेक्ट्रिक अल्बमांवर तीच. तारांच्या पुलाजवळचा पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडणारा भाग, फायरबर्ड गिटारचा बसवलाय. तो इतका संवेदनशील आहे की गिटारवर बोट वाजवलं तरी आवाज पकडतो. बिग्स्बीच्या, म्हणजे सूर हलवणाऱ्या, दांड्यावर त्याचा उजवा हात सतत असतो, म्हणून सूर कधी एका जागी स्थिर उभा राहत नाही.

त्या गिटारच्या पुढे १९५९ चा फेंडर डिलक्स. एवढासा अॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा), दोन्ही हातांनी सहज उचलावा असा. आणि त्याच्यावर बसवलेलं 'व्हिझर'. पायानं बटण दाबलं की छोट्या मोटरी अॅम्पची बटणं खरोखर फिरवतात, म्हणजे स्टेजवर लांब उभं राहूनही अॅम्पला हातानं पिळल्यासारखंच. हे वाचलं तेव्हा कळलं की आवाज मध्येच फाटून रानटी कसा होतो. पेडलनं ते होत नाही, मी पंधरा वर्षं प्रयत्न करून पाहिलाय.

वाजवायला शिकणाऱ्यांनी १९६९ च्या 'एव्हरीबडी नोज धिस इज नोव्हेअर'मधला 'सिनॅमन गर्ल'चा सोलो ऐकावा. एकच सूर. तोच तोच, पुन्हा पुन्हा. मी शिकत होतो तेव्हा वेगानं वाजवणाऱ्यांच्या मागे होतो आणि कुठेच पोचत नव्हतो. हा एक सूर वाजवून बघितला. पहिल्यांदा अगदी सपाट वाजला. मग लक्षात आलं की तो प्रत्येक वेळी निराळा मारतो, कधी ओढून, कधी तार सुटी ठेवून, आणि मागचे बास आणि ड्रम वाजवणारे दोघं ठेका सोडत नाहीत म्हणून ते चालतं. त्या एका सुरासाठी मला चार महिने लागले.

न आवडलेला अल्बम म्हणाल तर 'आर्क'. १९९१. नुसत्या फीडबॅकचे आणि गाण्यांच्या शेवटांचे तुकडे जोडलेली पस्तीस मिनिटं. आजही पूर्ण ऐकवत नाही. पण मी तो दिला नाही कुणाला.


खरखर

धागा चांगला आहे, पण थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका.

मीही चाळीसेक वर्षं ऐकतोय. माझ्या मते भक्तीचा एक तोटा असा की वाईटाला वाईट म्हणायची सवय जाते. 'टुनाइट्स द नाइट' कच्चा आहे कारण त्या माणसांची अवस्था तशी होती. तो कच्चेपणा कमावलेला आहे. पण पुढे तो नुसती सवय झाला. 'लँडिंग ऑन वॉटर' (१९८६) मधले ते ढोल डोक्यात हातोडा घातल्यासारखे आहेत, आणि त्यामागे कुठली करुण गोष्ट नाही. 'एव्हरीबडीज रॉकिंग' पंचवीस मिनिटांचाही नाही. २००९ चा 'फोर्क इन द रोड' एका विजेवर चालवलेल्या जुन्या गाडीच्या कौतुकात गेला. 'सायकेडेलिक पिल' उघडतो तो २७ मिनिटांहून लांब गाण्यानं, आणि त्यातली निदान बारा मिनिटं कुणीतरी कापायला हवी होती.

माझं म्हणणं असं की तो 'कुणीतरी' १९९५ मध्ये गेला. डेव्हिड ब्रिग्ज. पहिल्या अल्बमपासून सोबत असलेला निर्माता. तोंडावर 'हे टुकार आहे' म्हणणारा. शेवटचा अल्बम त्यानं केला तो 'स्लीप्स विथ एंजल्स' (१९९४), आणि माझ्यासाठी शेवटचा निर्विवाद मोठा अल्बमही तोच. त्यानंतर चांगली गाणी आहेत, भरपूर आहेत, पण पूर्ण अल्बम? मला दोन-तीनच सापडतात. 'ल नॉइज' (२०१०) नक्की, कारण तिथे निर्माता डॅनियल लान्वा होता. एकटा माणूस, गिटार, आणि समोर नाही म्हणणारा कान.

आणि 'ट्रान्स'. गोष्ट मलाही माहीत आहे, आणि ती मला हलवते. पण गोष्ट चांगली म्हणून गाणी चांगली होत नाहीत. मी तो तीनदा ऐकलाय. 'कम्प्युटर काउबॉय' तिन्ही वेळा पुढे सरकवला.


पैलतीर

खरखर, राग कसला. असा प्रतिसाद यावा म्हणून तर धागा काढला.

ब्रिग्जबद्दल पूर्ण सहमत. त्याच्या जाण्यानंतर काहीतरी सैल झालं. पण 'त्याला नाही म्हणणारं कुणी नव्हतं' एवढ्यावर मी थांबणार नाही. त्यानं स्वतःला फार वेळा नाही म्हटलंय, आणि बहुधा भलत्या ठिकाणी.

'होमग्रोन' बघा. १९७४-७५ मध्ये पूर्ण झालेला, कव्हरसकट तयार. मित्रांना तो ऐकवला, त्याच टेपवर पुढे 'टुनाइट्स द नाइट' होता. 'द बँड' या रॉक बँडचा रिक डँको म्हणाला, हा दुसरा काढ. आणि नीलनं ऐकलं. 'होमग्रोन' पंचेचाळीस वर्षं कपाटात, २०२० मध्ये बाहेर. बाहेर आणताना त्यानं श्रोत्यांची माफी मागितली. 'हिचहायकर' १९७६ च्या ऑगस्टमधल्या एका रात्रीत, मॅलिबूमधल्या स्टुडिओत, तो आणि गिटार, ब्रिग्ज काचेपलीकडे. तो आला २०१७ मध्ये. 'क्रोम ड्रीम्स' २०२३ मध्ये. हे तिन्ही वेळेवर आले असते तर त्याचं सत्तरचं दशक कसं दिसलं असतं याचा विचार करत मी कितीतरी संध्याकाळी घालवल्यात.

त्याच्याकडेही एक खण आहे म्हणजे. आपल्या खणात आपल्याला न पटलेले, त्याच्या खणात त्याला न सोसवलेले. 'होमग्रोन' हा त्याची तेव्हाची जोडीदार, अभिनेत्री कॅरी स्नॉडग्रेस, हिच्यापासून वेगळं होतानाचा अल्बम आहे. ऐकताना कळतं की हा का दडवला.

आणि 'एव्हरीबडीज रॉकिंग'ला एवढं झटकू नका. 'ट्रान्स'नंतरचा त्याचा कंट्री अल्बम गेफन या रेकॉर्ड कंपनीला नको होता, त्यांनी रॉक अँड रोल मागितलं. यानं पन्नासच्या दशकातलं रॉक अँड रोल दिलं, अक्षरशः. त्यावर गेफननं ३३ लाख डॉलरचा दावा लावला की हा माणूस स्वतःसारखं संगीत देत नाही. नील यंगवर खटला, की तो नील यंगसारखा वाजत नाही! पुढे दावा मागे घेतला गेला. त्या पंचवीस मिनिटांत मला गाण्यांपेक्षा तो हट्टच ऐकू येतो आणि मला तो हट्ट प्रिय आहे.


सांजवेळ

मी एरवी फक्त वाचते, आज लिहिते.

मला त्याच्या अल्बमांमध्ये एक गोष्ट दिसते, ती इथे कुणी म्हटली नाही म्हणून सांगते. त्याचं शरीर ठरवतं की पुढचा अल्बम कसा होणार.

१९५१ मध्ये, पाच वर्षांचा असताना, त्याला पोलिओ झाला. गिटारवेडांनी वर ज्याबद्दल लिहिलंय त्या १९६९ च्या अल्बममधली तीन मोठी गाणी त्यानं एका दिवसात लिहिली, १०३ अंश ताप असताना, अंथरुणात. 'हार्वेस्ट' इतका शांत का? त्याच्या पाठीचा मणका दुखावला होता, शस्त्रक्रिया झाली, कमरेला पट्टा होता. जड इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभंच राहता येत नव्हतं. म्हणून बसून, अॅकॉस्टिक. मग वीस वर्षांनी 'हार्वेस्ट मून' का? १९९१ च्या दौऱ्यात क्रेझी हॉर्सबरोबर इतक्या मोठ्या आवाजात वाजवलं की कानांना इजा झाली. कान वाजायला लागले. मोठा आवाज सोसवेना, म्हणून पुन्हा हळू, पुन्हा लिंडा रॉनस्टाट आणि जेम्स टेलर मागे गायला, आणि शीर्षकगीतात ठेक्याला जमिनीवर फिरवलेला झाडू.

त्याचे सर्वांत जास्त प्रेम मिळालेले दोन अल्बम दुखण्यातून आले. मी स्वतः पाठीच्या दुखण्यानं सात महिने घरात होते. चालणं दहा मिनिटं, मग आडवं. 'हार्वेस्ट' तेव्हा रोज एकदा. मागची गोष्ट तोवर माहीत नव्हती. पण त्या गाण्यांचा वेग मला जमण्यासारखा होता, दुसऱ्या कुठल्याच संगीताचा नव्हता. नंतर ही माहिती वाचली तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही, ओळख पटल्यासारखं वाटलं.

२००५ चा 'प्रेअरी विंड' माझा खास. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आलाय असं निदान झालं आणि शस्त्रक्रियेच्या आधीच्या दिवसांत त्यानं गाणी लिहायला घेतली. त्याच वर्षी वडीलही गेले, ते पत्रकार होते, शेवटी स्मृती गेली होती. खरखर, तुमच्या दोन-तीन पूर्ण अल्बमांत हा आहे का?

जाता जाता : 'ओल्ड मॅन' हे गाणं वडिलांवर आहे असं पुष्कळांना वाटतं. ते त्यानं विकत घेतलेल्या रँचची देखभाल करणाऱ्या वयस्क माणसावर आहे.


खरखर

सांजवेळ, आहे. 'प्रेअरी विंड' माझ्या यादीत आहे. शरीराचा हा धागा मी कधी जोडून पाहिला नव्हता.


नवखा०७

मी बावीस वर्षांचा आहे, सगळ्यांपेक्षा बराच लहान. माझ्याकडे ना कॅसेट ना खण. स्पॉटिफायवर ऐकायला लागलो आणि २०२२ च्या जानेवारीत एका रात्रीत सगळं गायब. लसीबद्दलच्या चुकीच्या माहितीवरून त्यानं स्वतःच काढून घेतलं होतं. माझ्या यादीतली चौतीस गाणी राखाडी झाली. राग आला होता खरं. दोन वर्षांनी, २०२४ च्या मार्चमध्ये, परत आली.

पण मधल्या काळात मी त्याच्या स्वतःच्या आर्काइव्हच्या साइटवर गेलो. तिथे जुन्या फायलींच्या कपाटासारखी मांडणी आहे, खण ओढायचे, कार्ड काढायचं, कोणत्या दिवशी कुठे ध्वनिमुद्रण झालं ते दिसतं. आणि मग मी पहिल्यांदा अल्बम अल्बम म्हणून ऐकायला लागलो. आधी फक्त गाणी ऐकायचो. 'ऑन द बीच' पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्यावर कळलं की दुसऱ्या बाजूची तीन लांब गाणी एकापाठोपाठ एक खाली खाली जातात. यादीत मिसळून ऐकताना हे कधी कळलंच नसतं.

प्रश्न : 'टाइम फेड्स अवे' कसा ऐकावा? प्रेक्षकांसमोरचा आहे पण गाणी सगळी नवी, आणि तो थकलेला, चिडलेला वाटतो.


मंद्र

नवखा, अगदी बरोबर ऐकलंस. व्हिटन गेला त्याच्या पुढच्याच दौऱ्यातला तो आहे, १९७३ चा. लोक 'हार्वेस्ट' ऐकायला आलेले, आणि हा त्यांना न ऐकलेली गाणी ओरडून ऐकवतोय. आवाज बसलेला. स्वतः नील त्याला नावं ठेवत आला, आणि सीडीवर तो २०१७ पर्यंत आलाच नाही. आमच्या पिढीला तो घासलेल्या एलपीवरूनच ठाऊक. 'टाइम फेड्स अवे', 'टुनाइट्स द नाइट', 'ऑन द बीच' याच क्रमानं ऐक, म्हणजे ज्या क्रमानं ते घडले त्या क्रमानं. बाहेर आले त्या क्रमानं नको.


अनवट

एक छोटंसं निरीक्षण. 'टुनाइट्स द नाइट' ज्या गाण्यानं सुरू होतो त्याच गाण्यानं संपतो. 'रस्ट नेव्हर स्लीप्स' तसाच : पहिल्यांदा एकट्या गिटारवर, शेवटी क्रेझी हॉर्सच्या गदारोळात. 'फ्रीडम'ही तसाच. १९७५, १९७९, १९८९. तिन्ही वेळा दुसऱ्यांदा येणारं गाणं शब्दांनी जवळजवळ तेच असतं, पण मधल्या गाण्यांतून गेल्यावर ते तसं राहत नाही. मी माझ्या मुलीला अल्बम म्हणजे काय हे समजावताना ही तीन उदाहरणं देते.


शब्दखूण

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. न बोलणाऱ्या मुलांबरोबर एकवीस वर्षं काम करते. रॉक संगीतातलं मला फारसं कळत नाही. नवरा नील यंगचा भक्त, त्यानं हा धागा दाखवला, आणि पैलतीर यांच्या पहिल्या लिखाणातल्या एका वाक्यावर मी अडकले : 'तो आवाजच नाहीसा झाला.'

आमच्याकडे मुलांना संवादाची यंत्रं देतात. चित्राचं बटण दाबलं की यंत्र शब्द बोलतं. ज्या मुलाच्या हातात बळ नाही त्याला एकच मोठं बटण, डोक्यानं किंवा गुडघ्यानं दाबायचं. पहिल्यांदा यंत्र बोलतं तेव्हा आई-वडिलांचा चेहरा मी दरवेळी बघते. आनंद असतोच, पण त्याच्या मागोमाग काहीतरी येतं. एका आईनं मला बोलून दाखवलं : 'हा त्याचा आवाज नाही.' सात वर्षं तिनं मनात एक आवाज धरला होता आणि हा पत्र्यासारखा, सपाट आवाज तिचा नव्हता.

त्या आईला सहाएक महिने लागले. मग एकदा ती सहज म्हणाली, 'आत खोलीतून त्यानं हाक मारली.' यंत्रानं नाही, त्यानं. त्या दिवशी मी घरी येऊन बराच वेळ नुसती बसले होते.

नवऱ्यानं काल रात्री 'ट्रान्सफॉर्मर मॅन' ऐकवलं, यंत्रातलं. मला शब्द एक-दोनच कळले. पण ते गाणारा माणूस आमच्या खोलीत बसलेला बाप आहे हे मला कुणी सांगितलं नसतं तरी कळलं असतं. त्यात बटणाचा उल्लेख आहे, तो बेनच्या आगगाडीचा आहे असं नवरा म्हणाला. मुलाला खेळण्यातली गाडी चालवता यावी म्हणून बापानं मोठ्या बटणाचं नियंत्रण बनवून घेतलं होतं, आणि पुढे खेळण्यातल्या गाड्या बनवणाऱ्या लायनेल कंपनीत भागीदारही झाला. हे मला पूर्णपणे समजतं. मुलाला एक गोष्ट स्वतःहून सुरू करता येणं, त्याच्या दाबण्यानं समोर काहीतरी हलणं, याच्यापासूनच आमचं काम सुरू होतं.

त्या व्यायामांच्या काळातला त्याचा 'रिअॅक्टर' (१९८१) नावाचा अल्बम आहे. त्यात नऊ मिनिटांचं गाणं आहे, फक्त दोन ओळींचं, त्याच त्या दोन. नवरा म्हणतो लोक त्यावर वैतागतात. मी ते ऐकलं आणि मला माझा मंगळवार आठवला. एक शब्द, दोनशे वेळा, न चिडता.

पेगी यंग यांनी अशाच मुलांसाठी ब्रिज स्कूल उभी केली, तिच्या मदतीसाठी १९८६ पासून २०१६ पर्यंत कार्यक्रम व्हायचे आणि शाळेतली मुलं स्टेजवर, कलाकारांच्या मागेच बसायची. आमच्या क्षेत्रात त्या शाळेचं नाव सगळ्यांना माहीत असतं. मला ते नाव आणि माझ्या नवऱ्याचा गायक हे एकच आहेत हे लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं.


पैलतीर

शब्दखूण, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. 'हा त्याचा आवाज नाही' हेच, याच शब्दांत, मी १९८४ मध्ये मित्राला म्हणालो होतो. दुसरं काही लिहिता येत नाही आत्ता. तुमच्या नवऱ्यालाही इथे लिहायला सांगा.


गिटारवेडा

तीस वर्षं तो अल्बम मी सिंथेसायझरचा म्हणून बाजूला ठेवला होता. आज लावतो.


खरखर

परवा इथलं वाचून झाल्यावर एक प्रयोग केला. आधी 'अनप्लग्ड'मधलं 'ट्रान्सफॉर्मर मॅन' ऐकलं, दोनदा, चाल पाठ होईपर्यंत. मग दिवा मालवून 'ट्रान्स'मधलं. चाल माहीत असल्यामुळे यंत्राच्या आतून त्याचा खरा आवाज कुठे आहे ते शोधता येत होतं. तो आहे. ओळीच्या शेवटी श्वास घेतो तिथे, आणि वरच्या सुराला जाताना तो नेहमी किंचित उशिरा पोचतो ना, तिथे. यंत्रानं तो उशीर तसाच ठेवलाय.

'रिअॅक्टर'ही काढला. ती नऊ मिनिटं पहिल्यांदाच न सरकवता ऐकली. सहाव्या मिनिटाच्या आसपास मी शब्द ऐकायचे थांबवले आणि तालवादक राल्फ मोलिना काय करतोय ते ऐकू लागलो. तो दर फेरीला थोडं वेगळं वाजवतोय. आजवर लक्षातच आलं नव्हतं.

'लँडिंग ऑन वॉटर'बद्दल माझं मत तेच आहे. 'कम्प्युटर काउबॉय'ही मला अजून आवडत नाही. पण काल रात्री तो मी पुढे सरकवला नाही.